पेशकाराची हाजिरी

पेशकाराने एका महिन्यात माझी जीप सहा वेळा फुकट वापरली आणि त्याच महिन्याच्या शेवटी भर ग्रामसभेत उभं राहून माझ्या मायची पेन्शन बंद करवली. तो जाऊन आता सहा महिने झाले. गावात त्याचं नाव निघालं की लोक हात जोडतात. मी जोडत नाही. दाम घेतला तर माल द्यायचा, एवढा एकच धर्म मी आयुष्यात पाळला. त्याने दाम घेतला आणि माल दिला नाही. तोंडावर मी त्याला 'पेशकारजी' म्हणायचो, पण लिहिताना अहोजाहो करणार नाही. एवढी सूट मला हवी.

पेशकार हे त्याचं नाव नव्हे. तो तहसील कचेरीत कारकून होता, आणि कचेरीतल्या कारकुनाला पेशकार म्हणायची आमच्याकडे निजामाच्या वेळेपासूनची रीत आहे. तो निवृत्त झाला, नाव तसंच राहिलं. आमचं गाव आदिलाबादकडच्या जैनथच्या पुढे, पैनगंगेच्या अलीकडे. नदी ओलांडली की महाराष्ट्र. आम्ही मराठी बोलतो, सरकारचे कागद तेलुगूत येतात आणि जुन्या फायलींची भाषा अजून उर्दूच आहे. या तिन्हीत वाचणारा गावात हा एकटाच. त्यामुळे ज्याच्या हाती कागद आला तो त्याच्याकडे जाई.

उंच, वाळलेला माणूस. कमरेला चिल्लरची कापडी पिशवी, खिशात एरंडेलाची हिरवी बाटली, हातात बंद छत्री. ती त्याने पावसात उघडलेली मी पाहिली नाही. छत्री माणसं मोजायला होती. आणखी एक गोष्ट म्हणजे तो कोणाच्या घरात बसत नसे. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच बोलायचा. माझी माय दर वेळी म्हणायची, "आत या ना, पेशकारजी." तो म्हणायचा, "इथं बरं हाय, पुंजाबाई." आत का येत नाही ते त्याने कधी सांगितलं नाही. आमच्या बापजाद्यांनी त्याच्या बापजाद्यांना कुठे उभं केलं होतं हे ज्यांना माहीत होतं, त्यांनी विचारलं नाही.

आमच्याकडे म्हाताऱ्यांची आणि विधवांची पेन्शन वाटायला डाकवाला मशीन घेऊन येतो. मशीनवर बोट ठेवायचं, रेषा जुळल्या की पैसे. आता ज्या बाईने चाळीस वर्षं कापूस वेचला, बोंडाच्या टोकांनी जिची बोटं रोज ओरबाडली, तिच्या बोटाला रेषा कुठून राहणार? मशीनला वाटायचं, समोर कोणी माणूसच नाही. दोन-दोन महिने बाया रिकाम्या हाताने परत जायच्या.

पेशकाराने त्यावर आपला कायदा काढला. पेन्शनच्या आधी पाच दिवस कापसाला हात लावायचा नाही. राखेने भांडी घासायची नाहीत. निजताना बोटांना एरंडेल चोळायचं. संध्याकाळी तो घरोघर फिरे आणि उंबऱ्याबाहेरून ओरडे, "दाखव!" म्हातारी बोटं पुढे करी. तो ती उजेडाकडे वळवून पाही. "ही रेष उठली. ही अजून निजून हाय. तेल लाव."

ऐन वेचणीत पाच दिवस बाया घरी बसल्या की कास्तकारांचा पारा चढायचा. एक जण भर रस्त्यात त्याच्यावर धावून गेला होता. "माझा कापूस झाडावर वाळून राह्यला, आन् तू बायांची बोटं चोळून राह्यला!" पेशकार जागचा हलला नाही. म्हणाला, "तुझी वेचणी संक्रांतीपर्यंत, तिची पेन्शन मरेपर्यंत. तिनं काय धरावं, तूच सांग."

पेन्शनच्या दिवशी सकाळी सातला बुद्धविहाराच्या ओट्यावर हाजिरी व्हायची. पेशकार एकेक नाव पुकारायचा आणि ज्याचं त्याने "हाय!" म्हणायचं. नुसती मान हलवून चालायचं नाही. दोनदा पुकारून "हाय" आलं नाही, की तो ओळ सोडून त्या घराकडे निघे. या हाजिरीने एक म्हातारा तापाने फणफणलेला सापडला, एक म्हातारी न्हाणीत पडलेली सापडली. दोघांच्याही घरात भरपूर माणसं होती. पेशकार म्हणायचा, "माणूस घरात असला तर दिसत नाही. ओळीत नसला की दिसते."

चिल्लरची पिशवी कशाला, तर पेन्शन आहे दोन हजार सोळा रुपये. त्या सोळाचे सुटे कोणाजवळ नसायचे, आणि म्हातारे "राहू द्या" म्हणून निघायचे. पेशकाराला ते सहन होत नसे. "दोन हजार तुमचे, आन् सोळा काय रस्त्यावर पडले?" म्हणून दर महिन्याच्या शेवटी तो सुट्यांसाठी माझ्याकडे यायचा.

माझ्याविषयी सांगायचं तर मी भाजीच्या टोपलीपासून सुरुवात केली. बाप लवकर गेला. मायने आणि मी जैनथच्या बाजारात वांगी विकली. मग एक जुना ऑटो, मग दुसरा, मग जीप. आता चार ऑटो आहेत. कोणाचा एक पैसा फुकट घेतला नाही, कोणाला दिला नाही. ऑटोच्या भाड्याची चिल्लर माझ्याकडे डब्यांनी पडलेली असायची, आणि पेशकाराला ती मी फुकट देत नसे.

"शेठ, मी नोट देऊन राह्यलो. उसनवार नाही मांगून राह्यलो."

"चिल्लर मोजाले माणूस लागते जी. त्याची मजुरी कोण देईन?"

"किती?"

"शेकड्याले दोन."

"एक."

"दोन."

"लेका, तू आपल्या बापालेही सरणाची लाकडं भावानं देशील."

"बापानं भाव केला असता तर दिली असती."

शेवटी तो दोन द्यायचा, स्वतःच्या खिशातून. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा एकपासून सुरू. खरं सांगतो, महिन्यातली ती दहा मिनिटं मला आवडायची. भाव करायला माणूस तोलाचा लागतो.

तो तोलाचा आहे हे मला एका दवाखान्यात कळलं. कवडू म्हणून एक म्हातारा छाती धरून बसला, त्याला माझ्या जीपमधून आदिलाबादला नेलं. डॉक्टरने तपासण्यांची यादी लिहून दिली, आठ ओळींची. कवडूचा पोरगा घाम पुसत उभा. पेशकाराने यादी दोनदा वाचली आणि डॉक्टरसमोर ठेवली.

"डॉक्टरसाहेब, याच्यातली कोणती नाही केली तर हा माणूस आज मरते?"

डॉक्टर भडकला. "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही जी. मी पेशकार. कोणता कागद नसला तर काम अडते आणि कोणता नुसता लावायचा म्हणून लावते, हे पस्तीस वर्षं पाह्यलं. तुमच्या यादीतही तसं असंल, म्हणून विचारलं. रागावू नका. तुमी खूण करा, तेवढ्या आत्ताच करू. बाकीच्या उद्या, कार्डावर सरकार काय देते ते पाहून."

डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलं, कवडूकडे पाहिलं, आणि तीन ओळींवर खूण केली. कवडू वाचला. पुढे तर पेशकार दारात दिसला की तो डॉक्टर स्वतःच पेन काढायचा. मी कापसाच्या दलालांशी भाव केला, ऑटो विकणाऱ्यांशी केला, फौजदाराशी केला. डॉक्टरशी भाव करणारा मी हा एकच पाहिला.

आता माझ्या मायकडे येतो.

मायला विधवेची पेन्शन होती. मी वांगी विकत होतो तेव्हापासूनची. घरी जीप आली, पक्कं घर झालं, पेन्शन चालूच राहिली. मला तिची गरज नव्हती आणि माझ्या मते मायलाही नव्हती. चालू आहे, तर कशाला बंद करायची? घरात चारचाकी असली तर पेन्शन मिळत नाही, हा नियम मला माहीत होता. सगळ्यांनाच माहीत होता.

एका महिन्यात पेशकार चिल्लर न्यायला आला आणि भाव न करताच उभा राहिला. "शेठ, पेन्शनची यादी तपासून राह्यले. पुढच्या ग्रामसभेत वाचतील. तुझी माय तुझ्याच राशनकार्डात, गाडी तुझ्या नावावर. तूच लिहून दे. मानानं सुटंल."

मी हसलो. "पेशकारजी, भाव बोला."

"कशाचा?"

"तुमी सभेत तोंड उघडू नका. महिनाभर तुमच्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायला जीप फुकट. डिझेल माझं."

तो काही बोलला नाही. पिशवी उचलली आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा निरोप आला: एका बाईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, गाडी पाठव. मी पाठवली. त्या महिन्यात सहा वेळा पाठवली. आमच्या धंद्यात माल उचलला की सौदा झाला.

सभेत अधिकाऱ्याने यादी वाचली आणि विचारलं, कोणाची हरकत? पेशकार उठला. सगळ्यांत आधी त्याने स्वतःच्या बहिणीचं नाव घेतलं. ती विधवा, त्याच्याच घरी राहायची. गाव तिला अक्का म्हणतं. म्हणाला, "मी सरकारी पेन्शन खातो, हिचं नाव चुकीचं हाय. काढा." मग छत्री न उचलता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "पुंजाबाई. घरी चारचाकी हाय. काढा. आन् गिरजाचा नवरा मरून दोन वर्षं झाली, तिची दरखास्त कोणत्या कोपऱ्यात पडली, ते पाहा."

बायांमध्ये माझी माय बसली होती. तिने पदर पुढे ओढला. एवढंच मी पाहिलं. पुढच्या क्षणी मी पेशकाराची कॉलर धरली होती.

"सहा वेळा जीप नेली तेव्हा लाज नाही वाटली?"

"मी तुले हो म्हटलं होतं का? आठव."

मी आठवलं. म्हटलं नव्हतं. "नाही पण नाही म्हटलं!"

"नाही म्हटलं असतं तर तू जीप दिली असती?"

लोक हसले. भर सभेत माझ्यावर हसले. सौदा न करता त्याने माझ्याकडून सहा म्हाताऱ्यांचा दवाखाना काढून घेतला होता.

मी कॉलर सोडली नाही. "घरी येऊन बोलता आलं असतं. माझ्या मायसमोर, गावासमोर काऊन?"

तो हळू आवाजात बोलला, मलाच ऐकू जाईल असं. "तुझ्या घरात मी कधी बसलो, शेठ?"

चार दिवसांनी तो आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला. "एक बोलतो. अक्काला मी देऊन राह्यलो, तेवढेच, दोन हजार सोळा. पण घरात नाही देत. पेन्शनच्या दिवशी ती ओळीत येते, हाय म्हणते, मी ओट्यावर देतो. तूही पुंजाबाईला तसंच दे."

"माझी माय आपल्याच पोटच्या पोराकडून ओळीत उभी राहून भीक घेईन?"

"घरात दिली तर भीक. ओळीत दिली तर पेन्शन."

मी त्याला हाकलून दिलं. मागे वळलो तर माय दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. मी म्हटलं, "माय, तुले जे लागंल ते मांग. हजार, पाच हजार. पोरगा काही मेला नाही तुझा." ती म्हणाली, "हो, बाबू."

आणि तिने कधीच काही मागितलं नाही. जे गिऱ्हाईक मागत नाही त्याला गरज नसते, हे मी बाजारात शिकलो होतो. तेच मी मायला लावलं.

पेशकाराने मात्र हाजिरीतून तिचं नाव काढलं नाही. पेन्शन नसली तरी तो "पुंजाबाई!" असं पुकारायचा, आणि माय ओळीच्या मागे उभी राहून "हाय!" म्हणायची. बिनपेन्शनची हाजिरी. मला ते कळलं तेव्हा मी तिच्यावर चिडलो. "काय तमाशा लावला?" ती म्हणाली, "जाऊन येते. बरं वाटते."

सभेनंतर सहा-सात महिने झाले असतील. हाजिरीचा दिवस, सकाळचे सव्वासात. मी समोरच्या खोलीत फोनवर एका टायरवाल्याशी भांडत होतो. तेवढ्यात पेशकार आला. थांबला नाही. चपला घालून, छत्रीसकट, माझा उंबरा ओलांडून सरळ आत शिरला. मी फोन कानाला लावूनच ओरडलो, "अहो पेशकारजी, कुठं चालले?" मी फोन टाकून त्याच्या मागे गेलो. स्वयंपाकघराच्या मागे माय पडलेली होती. तोंड एका बाजूला वाकडं, एक पाय चुलीजवळ. तिच्या आणि माझ्या मध्ये एक भिंत होती.

जीपमध्ये तिचं डोकं पेशकाराच्या मांडीवर होतं. मी गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. दवाखान्यात तोच डॉक्टर. त्याने विचारलं, "बीपी आहे का यांना? गोळी कोणती चालू?" मला माहीत नव्हतं. माझ्याच मायची गोळी मला माहीत नव्हती. नर्सने तिच्या कमरेचा बटवा काढून माझ्या हातात दिला. त्यात सुपारीचं खांड होतं आणि कागदाच्या पुडीत गोळ्यांचे तुकडे. एकेका गोळीचे तिने विळीवर चार तुकडे केले होते. दोन उरले होते.

पेन्शनमधून ती गोळ्या आणत होती, माझ्याच ऑटोवाल्याकडून, जैनथहून. पेन्शन थांबल्यावर शेवटची पाकिटं तिने तुकडे करकरून पुरवली होती.

डॉक्टरने यादी लिहिली. सवयीने त्याने पेन वर धरलं आणि पेशकाराकडे पाहिलं, कशावर खूण करू म्हणून. पेशकार त्या पुडीकडे पाहत होता.  मग म्हणाला, "सगळ्या करा, डॉक्टरसाहेब."

मी भिंतीला टेकलो होतो. मला त्याला मारायचं होतं. मी म्हटलं, "हे तुमच्यानं झालं."

"हो," तो म्हणाला. "नाव वाचलं ते बरोबर होतं. पण गोळ्या कशातून येते ते मी विचारलं नाही. सगळ्यांचं विचारतो, तिचं नाही विचारलं. वाटलं, पोरगा हाय." मग त्याने विचारलं, "तू विचारलं होतं?"

मी तिथून बाहेर निघून गेलो. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही.

माय वाचली. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. पेशकार रोज संध्याकाळी येऊन पुन्हा उंबऱ्याबाहेर उभा राहू लागला. तिथूनच हाक द्यायचा, "पुंजाबाई!" माय खाटेवरून तोंड उघडायची. घशातून नुसता वारा निघायचा. तो थांबायचा, पुन्हा पुकारायचा, तीनदा, आणि जायचा. मी आत बसून राहायचो. कित्येक आठवडे असं चाललं. एका संध्याकाळी आतून "हा" आला. आणखी काही दिवसांनी "य" आला. त्या दिवशी त्याने छत्री उंबऱ्यावर दोनदा आपटली आणि नेहमीसारखा निघून गेला. चिल्लर तो माझ्या ड्रायव्हरकडून नेत होता, शेकड्याला दोनने. मी ड्रायव्हरला भाव कमी करायला सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात तो गेला, दुपारी आरामखुर्चीत. मी मैतीला गेलो, मागे उभा राहिलो. हाजिरी आता अक्का घेते.

मागच्या महिन्यात माय म्हणाली, "बाबू, मले ओळीत ने." शब्द जड येतात, पण येतात.

"कशाले? घरीच देतो."

"ओळीत."

"दुप्पट देतो, माय. चार हजार. इथं, तुझ्या हातात."

"ओळीत."

आयुष्यात पहिल्यांदा समोरचं माणूस भाव वाढवूनही हललं नाही. मी तिला जीपमध्ये बसवून विहाराच्या ओट्याजवळ नेलं. डाकवाल्याकडे आता चेहरा पाहणारी मशीन आली आहे, बोटांचं काम संपलं. तरी मायच्या दोन्ही हातांची बोटं चकचकत होती. पाच दिवस तिने सुनेकडून एरंडेल चोळून घेतलं होतं, आणि मला घरात वास येऊनही मी विचारलं नव्हतं.

अक्काने पुकारलं, "पुंजाबाई!"

ओळ थांबली. माय ओट्याला टेकून उभी राहिली. "हा... य."

मी पुढे झालो आणि पाचशेच्या पाच नोटा तिच्या डाव्या हातात ठेवल्या. तिने त्या अंगठ्याने एकेक सरकवल्या. एक काढून मला परत दिली. चार कमरेला खोचल्या. आणि हात पुन्हा पुढे केला.

"सोळा," ती म्हणाली.

मी खिसे चाचपले. सगळ्या नोटाच. चार ऑटोचा मालक, आणि खिशात सोळा रुपये नव्हते. मागून कोणी म्हातारा बोलला, "शेठ, आटपा ना, उन्ह वर येऊन राह्यलं." बाया पदरात हसल्या. अक्काने कमरेची कापडी पिशवी सोडली. तीच पिशवी. तिने सोळा रुपये माझ्या तळहातावर मोजले.

"घे. तुझ्याकडचीच हाय. शेकड्याले दोननं घेतलेली."

मी ती नाणी एकेक करून मायच्या हातावर ठेवली. मोजून झाल्याशिवाय तिने मूठ मिटली नाही.